दार, कुऱ्हाड आणि प्रेक्षक : ‘द शायनिंग’ या भयपटाचे पूर्वचित्रपटांशी ऋणानुबंध

चित्रपटांच्या परस्परसंबंधांविषयी जे लेखन होते त्यात ‘ऋण’ हा शब्द फार सैलपणे योजिला जातो. एखादे दृश्य पूर्वीच्या एखाद्या चित्रपटातील दृश्यासारखे दिसले, की काही टीकाकार त्यास अनुकरण म्हणून मोकळे होतात, तर काही त्याच साम्यास आदरांजली म्हणून गौरवितात. दोन्ही पक्षांचा विचार साम्याची नोंद करण्यापाशीच थांबतो. जे घेतले त्याचे घेणाऱ्याच्या हाती आल्यावर काय झाले, हा खरा प्रश्न मात्र मागेच राहतो.

भाषेच्या अभ्यासकास ही अवस्था अपरिचित नाही. ‘तमाशा’ या शब्दाच्या मुळाशी चालणे या अर्थाचा अरबी धातू आहे. फारसीत त्या शब्दास मौजेने पाहत हिंडण्याचा, प्रेक्षणाचा अर्थ आला. आणि मराठीत तो लोकनाट्याच्या एका प्रकाराचे नाव होऊन बसला. शब्द परका आहे एवढे सांगितल्याने त्याची कथा संपत नाही. किंबहुना ती तेथून सुरू होते. उसन्या शब्दाचा अभ्यास म्हणजे त्याच्या अर्थांतराचा आणि नव्या भाषेच्या व्यवस्थेत त्याला मिळालेल्या स्थानाचा अभ्यास होय. हीच दृष्टी चित्रपटास लावून पाहण्यासाठी स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ (१९८०) या मनोवैज्ञानिक भयपटाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

१. कादंबरी आणि चित्रपट

हा चित्रपट स्टीफन किंग यांच्या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. लेखक होऊ पाहणारा जॅक टॉरन्स हा गृहस्थ कोलोरॅडोच्या पहाडी मुलखातील ‘ओव्हरलुक’ नावाचे हॉटेल हिवाळ्यात बंद असताना त्याची राखण करण्याचे काम पत्करतो. बरोबर पत्नी वेंडी आणि लहान मुलगा डॅनी. मुलास इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी जाणवण्याची शक्ती आहे. तशीच शक्ती हॉटेलचा आचारी हॅलोरन याच्यापाशीही आहे. जॅकने पूर्वी दारूच्या भरात मुलाच्या हाताला इजा केलेली आहे. ग्रेडी नावाच्या पूर्वीच्या एका राखणदाराने याच हॉटेलात पत्नीची व दोन मुलींची हत्या करून आत्महत्या केलेली आहे. बर्फाने रस्ते बंद होतात, जॅकचे मन हळूहळू सुटत जाते, आणि अखेर तो स्वतःच्याच कुटुंबावर उलटतो.

चित्रपटाचे जे दृश्य सर्वांच्या स्मरणात राहिले ते स्नानगृहाच्या दाराचे. आत वेंडी अडकलेली आहे, बाहेर जॅक कुऱ्हाडीने दार फोडीत आहे. कादंबरीतही हा प्रसंग आहे. तेथेही स्नानगृह आहे, तेथेही दाराची फळी फुटते, तेथेही आत शिरणाऱ्या हातावर पत्नी वार करते. भेद आहे तो आयुधाचा. कादंबरीतील जॅकच्या हाती क्रोकेच्या जातीच्या ‘रोक’ नावाच्या खेळातील आखूड दांड्याची मोगरी आहे. चित्रपटातील जॅकच्या हाती कुऱ्हाड आहे. पुढे १९९७ साली खुद्द किंग यांनी पटकथा लिहिलेली दूरचित्रवाणीमालिका निघाली तेव्हा तीत मोगरी परत आली. याचा अर्थ असा, की हा बदल किरकोळ नव्हता. मूळ लेखकास तो दुरुस्त करावासा वाटला. मग कुऱ्हाड आली कोठून?

२. दाराची पूर्वपीठिका

बंद दाराआड दडलेले दुबळे जीव आणि दार फोडणारा बलवान पुरुष ही रचना चित्रपटकलेच्या अगदी बाल्यावस्थेत रूढ झाली. अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘द लोन्ली व्हिला’ (१९०९) या अल्पलांबीच्या मूकपटात दरोडेखोर घरात शिरू पाहतात, आई आणि मुली आत दडून बसतात, आणि दूर असलेला पती त्यांना वाचविण्यासाठी धावत सुटतो. घरातील भय आणि रस्त्यावरील धावाधाव यांची दृश्ये आलटून पालटून दाखवावयाची, म्हणजे प्रेक्षकाची उत्कंठा ताणली जाते. या तंत्राचा ग्रिफिथ यांनी पुढे फार मोठा विस्तार केला.

१९०९ सालच्या त्या मूकपटात संकट बाहेरून येते व पिता हा त्राता असतो. दहा वर्षांनी ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ (१९१९) या चित्रपटात ग्रिफिथ यांनी संकट घरातच आणून ठेवले. लंडनच्या लाइमहाउस भागातील बॅटलिंग बरोज हा दारुडा मुष्टियोद्धा आपल्या मुलीचा, लूसीचा, छळ करतो. ती एका चिनी दुकानदाराच्या आश्रयास गेल्याचे कळताच तो तिला घरी ओढून आणतो. ती कपाटासारख्या एका अरुंद कोठडीत शिरून दार लावून घेते. तो कुऱ्हाडीने ते दार फोडतो. लिलियन गिश या अभिनेत्रीने त्या इवल्याशा जागेत स्वतःभोवती गरगर फिरत जो प्राणांतिक भयाचा आविष्कार केला, तो मूकपटांच्या इतिहासात अविस्मरणीय ठरला आहे. येथे त्राता वेळेवर पोहोचत नाही. लूसी मारली जाते.

दोन वर्षांनी, १ जानेवारी १९२१ रोजी, स्वीडनमध्ये व्हिक्टर श्योस्ट्रोम यांचा ‘क्योरकार्लेन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. इंग्रजी जगात तो ‘द फँटम कॅरेज’ या नावाने ओळखला जातो. १९०९ साली नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरलेल्या सेल्मा लागरलॉफ यांच्या १९१२ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री ठीक बाराच्या ठोक्यास जो मरेल त्याने पुढील वर्षभर मृत्यूचा गाडा हाकावयाचा, अशी त्यातील कल्पना. दारूपायी संसाराची धूळधाण केलेला डेव्हिड होल्म त्या क्षणी मरतो आणि त्यास आपले गतायुष्य पुन्हा पाहावे लागते. ही भूमिका स्वतः श्योस्ट्रोम यांनीच केली होती. या गतायुष्यात एक प्रसंग असा, की क्षयाची बाधा झालेला डेव्हिड मुलांना जपत नाही म्हणून पत्नी त्याला कोंडून, मुलांना घेऊन निघून जाऊ पाहते. तो कुऱ्हाड घेऊन दार फोडतो, आणि ती भीतीने मूर्च्छित होऊन पडते.

‘द शायनिंग’मधील दृश्याशी या शेवटच्या दृश्याचे साम्य इतके निकटचे आहे, की चित्रपटाच्या अभ्यासकांनी त्या दोहोंची जोडी वारंवार लावली आहे. पिता, दारूचा इतिहास, कोंडलेपण, दाराची फुटणारी फळी आणि कुऱ्हाड, ही सर्व सामग्री दोन्हीकडे आहे.

३. साम्य आणि पुरावा

तथापि साम्य दिसले म्हणजे आदान सिद्ध झाले, असे नाही. दोन भाषांतील दोन शब्द सारखे दिसण्यास समान वारसा, उसनवारी आणि निव्वळ योगायोग अशी तीन कारणे संभवतात. चित्रपटातही या तिन्ही शक्यता वेगळ्या ओळखाव्या लागतात.

दारुडा पिता आणि त्याच्या भयाने दडलेले कुटुंब हा विषय कोणा एका चित्रपटाच्या मालकीचा नाही. एकोणिसाव्या शतकातील मद्यपाननिषेधाच्या नाटकांनी तो पाश्चात्त्य रंगभूमीवर रुळविला होता. ग्रिफिथ यांनी १९०९ सालीच ‘अ ड्रंकर्ड्स रिफर्मेशन’ या मूकपटात असले एक नाटक पाहून सुधारणारा पिता दाखविला होता. एवंच १९१९ व १९२१ मधील दृश्यांत जे साम्य आहे त्याचा बराचसा भाग समान वारशाचा मानावा हे उचित. त्याचप्रमाणे जॅकची दारू आणि त्याचे कोठीच्या खोलीतील कोंडलेपण या गोष्टी चित्रपटाकडे किंग यांच्या कादंबरीतून आल्या. त्यांचे श्रेय स्वीडिश चित्रपटास देणे चुकीचे ठरेल.

उरते ती कुऱ्हाड. तिच्याविषयी एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. कादंबरीतील ग्रेडीने आपल्या मुलींना मारले ते लहान कुऱ्हाडीनेच. चित्रपटातही ग्रेडीचे हत्यार कुऱ्हाडच आहे. तेव्हा जॅक ग्रेडीचीच पुनरावृत्ती करतो हे दाखविण्यासाठी क्यूब्रिक यांनी मोगरी टाकून कुऱ्हाड घेतली, असे म्हणता येते आणि ते खरेही आहे. परंतु आंतरिक कारण सापडल्याने बाह्य कारण रद्द होत नाही. परका शब्द भाषेत सहज रुजतो तो बहुधा अशा वेळी, की जेव्हा त्याच्यासाठी आधीच जागा तयार असते. ग्रेडीच्या कथेने कुऱ्हाडीस जागा करून दिली. ती कुऱ्हाड दारावर कशी पडावी, फळी कशी फुटावी, आतील चेहरा कसा दिसावा, याचे वळण मात्र पडद्यावर साठ वर्षांपूर्वीच बसलेले होते. कागदावरून पडद्यावर येताना हा प्रसंग कादंबरीची बोली सोडून चित्रपटाची बोली बोलू लागला, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

याच दृश्यात आणखी एका प्रकारचे आदान आहे. फळीस पडलेल्या भगदाडातून तोंड खुपसून जॅक जे वाक्य उच्चारतो ते अमेरिकन दूरचित्रवाणीवरील जॉनी कार्सन यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात, १९६२ पासून, निवेदक एड मॅक्मॅहन मोठ्या उत्साहाने उच्चारीत असत. अमेरिकन प्रेक्षकास त्या उद्गारात रोजच्या करमणुकीचा आणि घरगुतीपणाचा सूर ऐकू येतो, व म्हणूनच तो अंगावर काटा आणतो. ज्यास तो कार्यक्रम ठाऊक नाही त्यास केवळ एवढेच जाणवते, की हा मनुष्य स्वतःस भलत्याच नावाने पुकारीत आहे. उद्धरणाचा अर्थ श्रोत्याच्या स्मरणावर अवलंबून असतो. कुऱ्हाडीचे तसे नाही. पूर्वीचा एकही चित्रपट न पाहिलेल्या प्रेक्षकासही तिचा अर्थ कळतो. उद्धरणाचे परकेपण कायम राहते, तर मुरलेले आदान आपले मूळ विसरून कार्य करते. हा भेद या एकाच दृश्यात स्पष्ट होतो.

४. प्रेक्षकाचे कारक

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. हे जे घेतले त्याचे क्यूब्रिक यांनी काय केले? याचे उत्तर भारतीय व्याकरणातील कारकविचाराच्या साह्याने अधिक नेमकेपणे देता येते. ‘बाप घरात कुऱ्हाडीने दार फोडतो’ या वाक्यात बाप हा कर्ता, दार हे कर्म, कुऱ्हाड हे करण आणि घर हे अधिकरण होय. उपरोक्त सर्व चित्रपटांत हे वाक्य जवळजवळ तेच आहे. बदलते ते एवढेच, की दिग्दर्शक प्रेक्षकाची दृष्टी या वाक्यातील कोणत्या घटकाशी बांधतो.

ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की दाराआड दडलेल्या व्यक्तीचा या वाक्यात उल्लेखच नाही. ग्रिफिथ यांनी १९१९ साली जे केले ते हेच : वाक्याने ज्यास वगळले त्याच्या शेजारी त्यांनी प्रेक्षकास नेऊन बसविले. कोठडीच्या आत कॅमेरा लूसीबरोबर आहे. भय बाहेर आहे, करुणा आत आहे, आणि प्रेक्षकाची बाजू निःसंदिग्ध आहे.

श्योस्ट्रोम यांनी प्रेक्षकाची दृष्टी कर्त्याकडे वळविली. डेव्हिडचे गतायुष्य डेव्हिडलाच पाहावयाचे आहे. त्यामुळे दार फोडणारा हा एकाच वेळी कर्ता आणि साक्षी होतो, व त्याच्यासमवेत प्रेक्षकही त्या कृत्याकडे पश्चात्तापाच्या अंतरावरून पाहतो. चित्रपटाच्या अखेरीस डेव्हिडला परत जीवन लाभते, आणि मुलांसह विषप्राशन करू पाहणाऱ्या पत्नीस तो वाचवितो. ज्यास स्वतःचे कृत्य दिसले त्याचा उद्धार संभवतो, ही त्या चित्रपटाची श्रद्धा.

१९६० साली दोन चित्रपटांनी ही श्रद्धा डळमळीत केली. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’मध्ये प्रेक्षक प्रथम मॅरियन क्रेन या स्त्रीशी बांधला जातो, तिची हत्या होताच तो नॉर्मन बेट्सच्या बाजूस नकळत सरकतो. मृतदेहासह दलदलीत ढकललेली मोटार बुडता बुडता क्षणभर थांबते, तेव्हा ती बुडावी असेच प्रेक्षकास वाटून जाते. मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ याच्याही पुढे गेला. त्यातील खुनी छायाचित्रक आहे. त्याच्या कॅमेऱ्याच्या तिवईचा पाय हेच पाते. पाहण्याचे साधन आणि मारण्याचे साधन येथे एक झाले, आणि जो पाहतो तो निर्दोष राहू शकत नाही असा त्याचा निष्कर्ष आहे.

‘द शायनिंग’मधील दाराचे दृश्य हा सारा इतिहास पचवून उभे आहे. जॅक कुऱ्हाड उगारतो आणि कॅमेरा कुऱ्हाडीबरोबरच झपाट्याने वळून दारावर येऊन आदळतो. पुन्हा कुऱ्हाड मागे, पुन्हा घाव. प्रेक्षकाची दृष्टी येथे जॅकच्या डोळ्यांशी बांधलेली नाही, तर करणाशी, म्हणजे प्रत्यक्ष कुऱ्हाडीच्या गतीशी बांधलेली आहे. लगेच दुसऱ्या दृश्यखंडात तो दाराच्या आत असतो आणि तेच पाते वेंडीच्या चेहऱ्याजवळ फळीतून बाहेर येताना पाहतो. आपणच घातलेला घाव आपणच झेलावा अशी ही स्थिती आहे. ग्रिफिथ यांची करुणा आणि पॉवेल यांचे अपराधित्व ही दोन्ही येथे काही क्षणांच्या अंतराने परस्परांत मिसळतात. भय दाराबाहेरून निघून प्रेक्षकाच्या स्वतःच्या दंडात शिरते. भयपटास मनोवैज्ञानिक म्हणावयाचे ते या कारणाने.

५. नाकारलेले ऋण

काय घेतले याइतकेच काय घेतले नाही हेही अभ्यसनीय असते. श्योस्ट्रोम यांच्या चित्रपटाची कीर्ती मुख्यतः त्यातील छायारूप मृतात्म्यांमुळे झाली. छायाचित्रक यूलियस येन्सोन यांनी एकाच फितीवर पुनःपुन्हा चित्रण करून मृत्यूचा गाडा आणि त्याचा चालक पारदर्शक दाखविले. तेथे मृत कोण आणि जिवंत कोण याविषयी प्रेक्षकास क्षणभरही संशय राहत नाही. क्यूब्रिक यांनी हे तंत्र घेतले नाही. त्यांच्या हॉटेलातील मद्यगृहाचा सेवक लॉइड आणि राखणदार ग्रेडी हे जॅकइतकेच भरीव, ठोस आहेत. परिणामी ही माणसे भुते आहेत की जॅकच्या मनाची निर्मिती, हा निर्णय प्रेक्षकास करता येत नाही. कोठीच्या खोलीत कोंडलेल्या जॅकसाठी बाहेरून कडी काढली जाते तो क्षण येईपर्यंत मानसिक भ्रमाचा खुलासा बहुतांशी टिकून राहतो. ती कडी सरकल्याचा आवाज झाला की तो खुलासा कोसळतो.

दुसरा नकार ग्रिफिथ यांच्या त्रात्यास आहे. हॅलोरन दूर फ्लोरिडात असताना डॅनीची हाक त्याच्या मनात उमटते, आणि तो विमानाने, मोटारीने व अखेर बर्फावर चालणाऱ्या वाहनाने हॉटेलाकडे निघतो. त्याचा प्रवास आणि हॉटेलातील संकट आलटून पालटून दाखविले जाते. १९०९ पासून प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेल्या या रचनेचा अर्थ एकच : मदत येत आहे. हॅलोरन पोहोचतो, हॉटेलात पाऊल टाकतो, आणि जॅकच्या कुऱ्हाडीच्या एका घावाने कोसळतो. कादंबरीतील हॅलोरन वाचतो. चित्रपटातील वाचत नाही. त्याने आणलेल्या वाहनातून आई व मुलगा निसटतात हे खरे, परंतु रचनेने दिलेले आश्वासन मोडलेलेच असते. वाक्यरचना जुनीच ठेवून तिच्या अखेरीस अनपेक्षित क्रियापद आणावे, तसे हे आहे. रचनेची सवय नसती तर हा धक्काही बसला नसता. ऋण मान्य असल्याखेरीज ते असे फेडता येत नाही.

६. अधिकरणाचे कर्तृत्व

कारकांपैकी अधिकरणाचा, म्हणजे स्थळाचा, विचार अद्याप राहिला आहे. या चित्रपटात गॅरेट ब्राउन यांनी शोधलेल्या ‘स्टेडिकॅम’ या साधनाचा विस्तृत उपयोग केला आहे. चालत्या माणसाच्या अंगावरील कॅमेरा न हिंदकळता सरकत राहावा अशी त्याची योजना. तीनचाकी सायकलवरून हॉटेलच्या मार्गिकांतून फिरणाऱ्या डॅनीच्या पाठोपाठ हा कॅमेरा जमिनीलगत तरंगत जातो. चाके गालिच्यावर आली की आवाज दबतो, उघड्या जमिनीवर आली की घुमतो. हे पाहणे कोणाचे? पाठलाग करणारे पात्र तेथे नसते. स्थळच पाहत आहे असा भास त्यातून उत्पन्न होतो.

मार्गिकांतून सरकणाऱ्या कॅमेऱ्याचे एक प्रसिद्ध पूर्वरूप आलँ रेने यांच्या ‘लास्ट इयर ॲट मारियनबाद’ (१९६१) या फ्रेंच चित्रपटात आहे. भव्य हॉटेल, रिकाम्या दालनांची रांग, आणि गेल्या वर्षी आपण येथे भेटलो होतो की नाही याविषयीचा न सुटणारा वाद, असे त्याचे स्वरूप. रेने यांच्याकडे जी स्मृतीची संदिग्धता होती तिला क्यूब्रिक यांच्याकडे भयाचे रूप आले. तुम्हीच येथील राखणदार आहात आणि नेहमीच होता, असे ग्रेडी जॅकला सांगतो. आणि अखेरच्या दृश्यात भिंतीवरील १९२१ सालच्या नृत्यसमारंभाच्या छायाचित्रात जॅकचाच चेहरा दिसतो. मग दार फोडणारा खरोखर जॅक होता की हॉटेल? वाक्यातील अधिकरण कर्ता होऊन बसले आणि कर्ता केवळ करण उरला, या जाणिवेशी प्रेक्षकास आणून चित्रपट संपतो. डेव्हिड होल्म आपले कृत्य पाहून माणूस झाला; जॅक टॉरन्स स्थळाच्या स्मृतीत गोठून एक चित्र झाला.

७. उपसंहार

यावरून ऋणाच्या अभ्यासाची दिशा ध्यानात येते. उद्धरण, वस्तू आणि रचना या आदानाच्या तीन पातळ्या होत. उद्धरण ओळखण्यास स्मरणशक्ती पुरते. वस्तूचे आदान ठरविण्यास मूळ ग्रंथाशी तुलना करावी लागते. रचनेचे आदान मात्र तेव्हाच उलगडते, जेव्हा जुन्या रचनेने निर्माण केलेली अपेक्षा नव्या कृतीने कोठे पाळली व कोठे मोडली हे पाहिले जाते. साम्यांची यादी हा या कामाचा आरंभ आहे.

आदानाची ही परंपरा ‘द शायनिंग’पाशी थांबलेली नाही. किंग यांच्याच २०१३ सालच्या कादंबरीवरून माइक फ्लॅनगन यांनी २०१९ साली ‘डॉक्टर स्लीप’ हा चित्रपट केला, तेव्हा ओव्हरलुक हॉटेल पुन्हा उभारले गेले, आणि त्यात कुऱ्हाडच होती. किंग यांनी लिहिलेल्या मोगरीस पडद्यावर कायमचे स्थान मिळाले नाही. अनेक दिग्दर्शकांच्या हातून फिरत आलेल्या कुऱ्हाडीस मिळाले. भाषेत कोणता शब्द टिकावा हे जसे त्याच्या पहिल्या बोलणाऱ्याच्या हाती नसते, तसेच हे आहे.